टॉवेलाखालचा हात

आमच्या ऑफिसात स्टेपलरच्या पिना घ्यायच्या असल्या तरी मी तीन दुकानांचे भाव मागवतो. अंधेरीच्या एका कंपनीच्या खरेदी विभागात माझं आयुष्य गेलं. पाकिटं बंद आली पाहिजेत, सगळ्यांसमोर उघडली पाहिजेत, ज्याचा भाव बरा त्याला काम. नव्या पोरांना मी यावर व्याख्यान देतो, आणि ती मान डोलावत मोबाईल बघतात. घरीही तेच. बायको भेंडी घेऊन आली की मी विचारतो, "आणखी कुठे चौकशी केलीस का?" ती म्हणते, "हो ना, टेंडर काढलं होतं. फक्त तुमची सही राहिलीय."

असा मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते याच माणसानं केलं यावर माझाही पटकन विश्वास बसत नाही.

गेल्या वर्षी बकरी ईदच्या आधी माझी धाकटी बहीण आमच्या मराठवाड्यातल्या गावाहून बोकड घेऊन मुंबईला आली. स्वतः आली, हे महत्त्वाचं. ती अध्यक्ष असलेल्या बचत गटातल्या बायका शेळ्या पाळतात. बहिणीनं त्या वर्षी काही बोकड वाढवले होते, आणि त्यातला एक, काळाभोर, कान पार जबड्याच्या खाली लोंबणारा, असा तयार झाला होता की गटातल्या बायका त्याला नुसतं 'मोठा' म्हणायच्या. फोनवर माझी चौकशी व्हायच्या आधी मोठ्याची खबर मिळायची.

आता आमच्याकडच्या जनावरांच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकतो, आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा होतो. कोणतं बोट धरलं, किती धरली, यावर आकडा. वर तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा. दावं धरून शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही काय ठरतंय ते कळत नाही. दलाल एकाच्या हातात एक आकडा ऐकतो, दुसऱ्याच्या हातात दुसरा सांगतो, आणि मधला फरक टॉवेलातच राहतो. म्हणून तर नियमात याला बंदी आहे. व्यवहार उघड व्हावा, अशी पाटी बाजारात लावलेली असते. पाटीच्या सावलीत टॉवेल पसरलेले असतात.

पण बहिणीचं दुखणं वेगळंच होतं. टॉवेलाखाली परक्या बाईचा हात कोण धरणार? शेळीचं बाळंतपण बायकांनी करायचं, पाला बायकांनी तोडायचा, करडू आजारी पडलं तर रात्र बायकांनी काढायची, आणि विकायच्या दिवशी नवऱ्याला नाहीतर दिराला पाठवायचं. तो येऊन सांगेल तो भाव. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या या बाजारात मात्र काटा होता. बोकड काट्यावर चढवायचा, वजन मोठ्यानं पुकारलं जायचं, भाव चारचौघांत बोलायचा. बहिणीनं ही गोष्ट कुठूनतरी ऐकली आणि गटाच्या बैठकीत सांगितली. बायका हसल्या. "तिथं काय तुला ओवाळणार हायेत का गं?" बहीण म्हणाली, "म्या जाऊन दावते. मोठा काट्यावर इकला, तर म्होरच्या वर्षी समद्यांनी मिळून ट्रक करायचा."

तर ती मोठ्याला घेऊन आली होती ती एवढ्यासाठी. बोकड विकला जाणारच होता, प्रश्न तो नव्हता. बाईनं उघड्यावर विकला, हे तिला गावात जाऊन सांगायचं होतं.

मुक्काम आमच्याकडे, घाटकोपरला; बोकड बाजारातच, ज्या ट्रकमधून आणले त्या ट्रकवाल्यांच्या राखणीत. बायकोनं वन्सं आल्या म्हणून घर डोक्यावर घेतलं. मी ऑफिसातून रजा काढली. बहीण म्हणाली, "तू कशाला?"

"अगं, अनोळखी बाजार. पुरुष माणूस सोबत असलेला बरा."

"बरं, ये. पण बोलू नको."

"मी कशाला बोलेन?"

"तू बोलतूस," ती म्हणाली. बायको स्वयंपाकघरातून "अगदी बरोबर!" असं ओरडली.

पहिल्या दिवशी मी खरंच बोललो नाही. बहिणीनं दोन लहान बोकड काट्यावर चढवले. पदर खोचून, बोकडाच्या पुढच्या पायांत हात घालून ती त्याला अशी उचलायची की बघणारे बाजूला व्हायचे. काट्यावरचा माणूस वजन पुकारायचा, ती आपला भाव सांगायची, गिऱ्हाईक कमी सांगायचं, ती मान हलवायची. सगळं सगळ्यांसमोर. मी माझ्या पोरांना ऑफिसात जे शिकवतो ते माझी सातवी शिकलेली बहीण शेणामुताच्या चिखलात उभी राहून करत होती, आणि मी छत्री धरून कौतुकानं बघत होतो. संध्याकाळी कुर्ल्याचे एक गृहस्थ आपल्या दोन मुलींना घेऊन आले. मुलींनी मोठ्याच्या गळ्यात हातच टाकले. गृहस्थ म्हणाले, "बहन, कल सुबह अब्बा को लेके आता हूँ. काँटे पे जो निकलेगा, उस पे बात करेंगे." बहिणीला पाहिजे होतं ते हेच. त्या रात्री ती आमच्याकडे दोन भाकरी जास्त जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यापुढे ही लांब रांग. बहीण मोठ्याचं दावं धरून रांगेत उभी. मला म्हणाली, "चहा आण जा." मी गेलो.

चहाच्या टपरीवर एक दलाल बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, खांद्यावर गुलाबी पट्ट्यांचा टॉवेल. माझ्याकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, आपल्याकडचेच दिसताय." मी गावाचं नाव सांगितलं. "मग! चेहऱ्यावरनंच वळखलं." मुंबईत इतकी वर्षं काढल्यावर चेहऱ्यावरून गाव ओळखणारा माणूस भेटला की मी विरघळतो. त्यांनी माझ्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. मोठ्याकडे लांबूनच बघून म्हणाले, "देखणं जनावर आहे. तुमचंच का?"

"हो," मी म्हणालो. रांगेत उभी असलेली ती बाई माझी बहीण, हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, मी राहू दिलं.

"काय म्हणताय मग?"

"काट्यावर लावणार आहोत."

ते हसले. त्यांच्या बाजूला बसलेले तिघे-चौघेही हसले. "काटा बायाबापड्यांसाठी, पाव्हणं. जाणत्या माणसाला जनावर बघितलं की कळतं. बघू हात." आणि त्यांनी टॉवेल पसरला.

लहानपणी मी आणि बहीण गोधडीखाली हात घालून हा खेळ खेळायचो. चिंचोके म्हणजे शेळ्या. दलाल नेहमी मी. ती दावं धरायची. मला सगळी बोटं पाठ होती, आणि तिलाही. पण खऱ्या बाजारात, खऱ्या टॉवेलाखाली माझा हात कधीच गेला नव्हता. वडील न्यायचे नाहीत. म्हणायचे, तू शिक. मी शिकलो आणि पिनांचे भाव मागवू लागलो.

मी हात घातला. नुसता अंदाज घेऊ, असं मनाशी म्हणालो. तीन कोटेशनं घेण्यात काय वाईट? त्यांच्या तळहाताला घट्टे होते. त्यांनी माझी बोटं धरली, मी मान हलवली आणि त्यांची धरली. "यंदा पाऊस लवकर दिसतोय," ते म्हणाले. "दिसतोय खरा," मी म्हणालो. आणि खोटं कशाला बोलू, मला फार मजा वाटत होती. बाजूचे लोक अदबीनं गप्प झाले होते. ऑफिसात माझ्याकडे कुणी असं बघत नाही. आणखी एकदा बोटं झाली, मी थोडं ताणलं, त्यांनी थोडं सोडलं, आणि अचानक त्यांनी माझा अख्खा पंजा धरून एक हिसका दिला.

"झालं!"

काय झालं ते कळेपर्यंत ते उठून रांगेकडे निघालेही होते. मी चहाचे दोन ग्लास घेऊन मागून धावतोय, चहा मनगटावर सांडतोय. बहिणीला काही विचारायच्या आत त्यांच्या माणसानं डब्यातल्या लाल रंगात बोटं बुडवून मोठ्याच्या पाठीवर पट्टा ओढला. या बाजारात रंग म्हणजे सौदा पुरा. रंगलेल्या जनावराला दुसरं कुणी भाव विचारत नाही.

"हे काय, दादा?" बहीण म्हणाली. रंग लावणाऱ्याला नाही, मला.

"अगं, मी नुसती चौकशी..."

"हात दिलास?"

"त्यांनीच धरला."

"कुणी धरला ते न्हाई इचारलं. दिलास का?"

 माझं तोंड बघून तिला कळलं. गोधडीखाली मी जिंकलो की माझं तोंड जसं व्हायचं, त्याची उरलीसुरली कळा अजून त्यावर असणार.

तेवढ्यात कुर्ल्याचे गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून, मुलींना घेऊन आले. पाठीवरचा लाल पट्टा बघून थबकले. बहीण घाईनं म्हणाली, "भाईसाब, सौदा नहीं हुआ. मेरा बोकड है, मेरे को पूछा नहीं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दलालाकडे. "किसका हाथ लगा?"

"इनका. बडे भाई हैं," दलाल म्हणाले.

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "बेटी, बात हो गई तो हम बीच में नहीं बोलेंगे. हमारी क़ुर्बानी का जानवर है, किसी का दिल दुखा के नहीं ले सकते." ते वाईट वाटूनच बोलत होते. मुली मागे वळून वळून बघत गेल्या.

बहीण तरीही थांबली नाही. मोठ्याला ओढत ती मांडवातल्या अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी गेली. मी तिच्या मागे, दलाल आणि त्यांचे सोबती माझ्या मागे. एखादी वरात असावी तसे. साहेब चांगले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि दलालाला म्हणाले, "टॉवेलाखालचा सौदा आम्ही मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. मालकाची हरकत असेल तर रंग लागला तरी सौदा मोडतो. बोकड काट्यावर चढवू." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही हात दिलात. बोकड कुणाचा?"

एवढंच विचारलं. या प्रश्नाला 'बहिणीचा' हे एकच उत्तर होतं. वस्तीतल्या जयंतीला मी दर वर्षी स्त्री-पुरुष समतेवर बोलतो. लोक टाळ्या वाजवतात. एकदा तर माईक बंद पडल्यावरही मी थांबलो नव्हतो. तो मी, त्या मांडवात, समोर आमच्याकडची चार माणसं उभी. त्यांनी मघाशी मला जाणता म्हटलं होतं. आता यांच्यासमोर म्हणायचं की माझं काही नाही, मी नुसता चहा आणायला गेलो होतो?

"घरचाच आहे, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "घरचा असेल तर घरातच ठरवा. मग मी काय करू?"

त्यांनी बहिणीकडे बघितलं. ती आणखी बोलू शकली असती. माझा भाऊ खोटं बोलतोय, एवढं म्हणायचं होतं. चाऱ्याच्या पेंढीपासून सगळं तिचं होतं, आणि तिचे बोकड आणणारे ट्रकवाले साक्षीला होते. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, साहेब. माझा भाऊ हाय. त्याला चारचौघांत खोटं पाडायला म्या गावावरनं न्हाई आले."

आणि तिनं दावं सोडून दलालाच्या माणसाच्या हातात दिलं.

भाव वाईट नव्हता. हे मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं, बायकोलाही सांगितलं. बायको म्हणाली, "चांगला होता हे तुम्हाला कसं कळलं? वजन केलं होतंत?" नव्हतं केलं. मोठा काट्यावर चढलाच नाही. तो किती भरला असता हे आता जगात कुणालाच कळायचं नाही.

संध्याकाळी गटातल्या बायकांचा फोन आला. बहीण गॅलरीत बसून बोलत होती, फोनचा आवाज मोठा. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, मीच घासायला घेतली होती.

"मोठ्याचं काय झालं गं? काट्यावर चढला का?"

"न्हाई. दलालानं घेतला."

"टावेलाखाली?"

"व्हय."

 मग कुणीतरी म्हणालं, "बघ! आमी म्हणत न्हवताव?" आणि दुसरी कुणीतरी, "मग कशापायी येवढी उडत हुतीस, बाई?"

मी वाट बघत होतो की आता ती माझं नाव घेईल. ती "चला, ठेवते" एवढंच म्हणाली. त्या वेळी बाहेर जाऊन, फोन हातात घेऊन, दोन वाक्यं बोलायची होती मला. मी तेच ताट पुन्हा घासलं. इतकं घासलं की बायकोनं नळ बंद केला.

वर्षभरात मी बहिणीला बरेच मेसेज लिहिले आणि पाठवायच्या आधी पुसले. खरेदी विभागातला माणूस असल्यामुळे मसुदे मला बरे जमतात. राखी टपालानं आली, तिच्यासोबत नेहमीसारखं दोन ओळींचं पत्र. त्यात बाजाराचा शब्द नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. माफी मागायला काहीतरी धरायला मिळालं असतं.

या वर्षी ती पुन्हा आली. हे मला बायकोकडून कळलं. गटातल्या दोघीच बरोबर आल्या होत्या. बाकीच्यांनी बोकड गावातच दलालाला दिले. उतरल्या आमच्याकडे नाहीत, गोवंडीच्या बाजूला एका विहाराच्या खोलीत. "आपल्याकडे का नाही?" मी विचारलं. बायकोनं भेंडी चिरायला घेतली. वाट लागली होती माझी, आणि ती मला एकट्यालाच उशिरा कळत होती.

मग बहिणीचा फोन आला. "दादा, बाजारातलं जेवण पचना आमच्या बाईला. भाकऱ्या करून आणशील? वहिनीला तरास नको."

"मी करतो ना! मी आणतो!"

"गेटापाशी थांब. आत येऊ नको."

मी भाकऱ्या केल्या. त्यांना भाकऱ्या म्हणायचं की नाही यावर घरात दोन मतं होती. सोबत ठेचा आणि बायकोनं दयेपोटी दिलेली वांग्याची भाजी. दुपारी गेटापाशी जाऊन उभा राहिलो. डबा घ्यायला बहीण आली नाही, तिच्याबरोबर आलेली एक वयस्कर बाई आली. हातात काठी, पदराला गवत चिकटलेलं.

"भाऊ व्हय तिचा?"

"हो, मावशी." आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही. डबा दोन्ही हातांत धरून मी म्हणालो, "मावशी, मागल्या वर्षी मोठा तिनं नाही दिला टॉवेलाखाली. मी दिला. तिला न विचारता. साहेबांनी विचारलं तेव्हाही मी खरं सांगितलं नाही."

मला वाटलं, त्या रागावतील किंवा हसतील. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आन आमी तिला वरीसभर बोललाव," त्या म्हणाल्या. "म्हणलाव, दलालाकडनं चिरीमिरी खाल्ली आसंल. मीच म्हणले पैल्यांदा. गटाचं ध्यक्षपद काढून घेतलं की तिचं. एक शबुद बोलली न्हाई, बाई."

हे मला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. गेटावर गर्दी होती, कुणाचा तरी बोकड माझ्या पँटचा खिसा चावत होता, त्याला मी हटवलंही नाही.

"मी गावी येतो, मावशी. बैठकीत सगळ्यांसमोर सांगतो."

"येशील तवा ये. पण भाषण करू नको म्हणं. ती सांगत हुती, तू लई बोलतूस." त्यांनी डबा काखेत घेतला. "आता मीच सांगते समद्यांना. जाते, आमचा नंबर आलाय."

"मी येऊ का आत? बोकड उचलायला?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तिनं सांगितलंय, न्हाई."

त्या आत गेल्या. मी गेटाच्या बाहेरच उभा राहिलो. माणसांच्या पाठींमधून मला काटा दिसत नव्हता. बहिणीचा हिरवा पदर एकदा खाली वाकून वर आला, तेवढा दिसला. मग काट्यावरच्या माणसानं वजन पुकारलं, आणि त्यानंतर तिचा आवाज आला. ती भाव सांगत होती, आमच्या शेतातून घरापर्यंत हाक मारायची तसा आवाज लावून. गेटावरच्या शिपायालाही ऐकू गेला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कोण बाई आहे हो? एकदम कडक."

मी सांगितलं.

"मग तुम्ही इथं काय करताय?"

"डबा," मी म्हणालो. "रिकामा होईपर्यंत थांबलोय."